आमचं पेडणें दोन दिवसांत कसं बघायचं: शापोरा नदीपासून तेरेखोलपर्यंत, भरती-ओहोटीच्या हिशोबानं

मी हरमलचा. दर डिसेंबर-जानेवारीत पुण्या-कोल्हापूरकडचे नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र असे फोन येत राहतात की आम्ही येतोय, काय काय बघू. कळंगुट-बागा सगळ्यांचं बघून झालेलं असतं आणि आता शांत गोवा हवा असतो. दरवेळी फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. हे फक्त पेडणे तालुक्याबद्दल आहे, म्हणजे दक्षिणेला शापोरा नदी, उत्तरेला तेरेखोल नदी आणि मधली मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी ही किनाऱ्यावरची गावं, शिवाय थोडं आतलं. सरळ रेषेत बघितलं तर फार मोठा भाग नाहीये, पण घाईत बघितलात तर काहीच हाताला लागत नाही.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा, मॅप नंतर

लोक काय करतात, गुगल मॅपवर पाच ठिकाणं टाकतात, दोन ठिकाणांमधली मिनिटं बघतात आणि त्यावर दिवस आखतात. आमच्याकडे ते चालत नाही हो, कारण इथला किनारा दिवसातून दोनदा बदलतो. सकाळी जिथे शंभर पावलं रुंद वाळू होती तिथे दुपारी पाणी खडकाला लागलेलं असतं, जी खाडी घोट्याएवढ्या पाण्यातून पार केली ती परत येताना कमरेएवढी असते, आणि फेरीबोटसुद्धा कधी कधी पाण्याअभावी अडते. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे तुम्ही येणार त्या दिवसांची भरती-ओहोटीची वेळ बघणे. मोबाईलवर टाइड टेबल म्हणून शोधलं की मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात, त्या आमच्या किनाऱ्याला चालतात.

नेट नसेल तर आपल्या कोकणातला जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट. म्हणजे तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, सव्वादोन, म्हणजे साधारण सव्वादोनला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी. आमच्या बाजूला भरती या हिशोबापेक्षा अर्धा-पाऊण तास आधीच येते असा अनुभव आहे, आणि अष्टमीच्या आसपासचे चार दिवस हा हिशोब जास्त चुकतो, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. पण पुनव-अमावास्येला तो छान लागतो. त्या दिवसांत भरती अकराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास येते, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी खूप आत जातं. म्हणून माझा सरळ सल्ला आहे की जमलं तर पुनवेच्या किंवा अवसेच्या आगेमागे या. सूर्य बुडायच्या वेळी सगळा किनारा उघडा पडलेला असतो आणि ओल्या वाळूत आभाळ दिसतं, ते मी लहानपणापासून बघतोय आणि अजून मन भरलेलं नाही.

कधी यायचं, कसं यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी टाळता आलं तर टाळा, भाडी दुप्पट-तिप्पट आणि रस्त्यावर गाड्याच गाड्या. मार्च ते मे गरम होतं पण तेव्हा काजूचा सीझन असतो, डोंगरावर बोंडूंचा वास, भट्ट्यांवर हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू), आणि झाडावर मानकुराद आंबे, त्यामुळे ज्यांना खाण्यात रस आहे त्यांनी एप्रिलमध्येच यावं असं मी म्हणेन. पावसात मी स्वतः सगळ्यात खूश असतो पण तेव्हा समुद्रात पाय घालायचा नाही, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी म्हणजे नदीची आणि शेतातली एवढीच.

विमानानं येणार असाल तर मोपाचा मनोहर विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे, 2023 च्या जानेवारीपासून तिथे विमानं उतरतात, दाबोळीचं (गोव्याच्या जुन्या विमानतळाचं) तिकीट चुकून काढू नका नाहीतर अर्धा दिवस प्रवासातच जाईल. रेल्वेनं येत असाल तर पेडणे स्टेशन आहे पण थिवीला जास्त गाड्या थांबतात. बसनं यायचं तर म्हापशाला उतरून हरमल किंवा केरीची बस धरायची, कदंबाच्या (सरकारी) आणि खाजगी दोन्ही असतात, पण रात्री उशिरा नसतात.

स्कूटी भाड्यानं घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देतो म्हणणारे भेटतील, ती भाड्यानं देणं कायदेशीर नाही आणि पोलिसांनी अडवलं तर त्रास तुम्हाला. हेल्मेट घालाच. आणि गाडी वाळूवर उतरवू नका, बंदी आहे, दंड आहे, आणि कासवांच्या घरट्यांवरून चाक जातं ते वेगळंच.

पहिला दिवस सकाळ: मोरजी टेंब ते मांद्रे, चालत

शिवोलीचा पूल ओलांडलात की चोपडे, म्हणजे तुम्ही पेडण्यात आलात. पूल व्हायच्या आधी इथे फेरीबोट होती, आमचे वडील म्हापशाच्या बाजाराला जायचे तेव्हा तासन्‌तास रांगेत उभं राहायचे. पूल उतरल्यावर डावीकडे वळा आणि नदीच्या कडेकडेनं टेंबाला या. टेंब म्हणजे जिथे शापोरा नदी समुद्राला मिळते ते मोरजीचं टोक. समोर पलीकडच्या डोंगरावर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. लोक त्या किल्ल्यावर जाऊन खाली मोरजी बघतात, मला उलटं जास्त आवडतं, सकाळी सात वाजता इकडून किल्ला बघायचा, मागून उजेड येत असतो आणि नदीच्या मुखावर होड्या परत येत असतात.

ही जागा ऑलिव्ह रिडले कासवांची. नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात, एका वेळी शंभरच्या आसपास, आणि साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पूर्वी आमच्याकडे ही अंडी सर्रास खाल्ली जायची, मोठी माणसं सांगतात. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाला वनखातं आणि गावातलीच माणसं मिळून राखण करायला लागली, आणि जे अंडी काढायचे तेच राखणदार झाले. मला आमच्या तालुक्याचा कशाचा सगळ्यात जास्त अभिमान असेल तर याचा. वनखात्याचं कुंपण घातलेला भाग असतो तिथे लांबूनच बघा, आणि रात्री गेलात तर टॉर्च, फ्लॅश, मोठी गाणी काहीही नको, कारण पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्रावरची चमक सोडून हॉटेलाच्या दिव्याकडे वळली की संपलं. पिल्लं निघणार असतील तर तिथल्या राखणदाराला विचारा, तो सांगतो.

टेंबावरून उत्तरेकडे चालायला लागा. ओहोटी सकाळी सात-साडेआठच्या आसपास असेल (म्हणजे द्वितीया-तृतीयेच्या सुमारास) तर हे चालणं सोन्यासारखं. पुनव-अवसेला आलात तर सकाळी पाणी चढत असतं, मग साडेसहालाच निघा आणि नऊच्या आत मांद्र्याला पोचा. मोरजी संपली की खडक लागतात ते आश्वे, तिथे थोडं थांबा, खडकांमधल्या डबक्यांत खेकडे आणि बारीक मासे दिसतात, मुलं असतील तर तासभर हलणार नाहीत. त्यापुढे मांद्रे, किनाऱ्याला समांतर एक छोटी खाडी जाते आणि तिच्यावर लाकडाबांबूचे साकव टाकलेले असतात. पूर्ण चालणं रमतगमत दोन-अडीच तासांचं. पाणी आणि टोपी घ्या. गाडी टेंबाला ठेवली असेल तर परत येण्यासाठी मांद्र्याच्या रस्त्यावर बस किंवा पायलट मिळतो, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळा मडगार्ड असतो.

नाश्ता मांद्र्याच्या किंवा मोरजीच्या नाक्यावरच्या साध्या हॉटेलात करा, बीचवर नको. पातळ भाजी, सुकी बटाटा भाजी, दोन्ही मिक्स सांगितलं तरी देतात, बरोबर पाव किंवा उंडे, वर एक मिरची भजी आणि चहा. बन्स असेल तर सोडू नका. नऊनंतर पाव संपतो.

वाटेत मोरजाईच्या देवळात जाऊन या, मोरजी गावाची ग्रामदेवता ती.

पहिला दिवस संध्याकाळ: हरमल

आता माझा गाव, इथे मी थोडा जास्त बोलणार.

हरमलला दुपारी येऊन जेवा आणि झोपा, उन्हात फिरण्यात अर्थ नाही. चारला निघा. मुख्य किनाऱ्यावर उतरलात की उजवीकडे, म्हणजे उत्तरेला वळा. डोंगराच्या पायथ्यातून खडकांवरून एक अरुंद वाट जाते, दोन्ही बाजूला कपड्यांची, माळांची दुकानं आहेत, दुकानं बघत बसू नका, पुढे चला. दहा-पंधरा मिनिटांत एक छोटा किनारा उघडतो, आम्ही त्याला कालाचा म्हणतो, आणि तिथे समुद्रापासून अगदी हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं तळं आहे. एका बाजूला खारट लाटा आणि मधे वाळूचा पट्टा सोडला की गोडं पाणी, डोंगरातल्या झऱ्यांनी भरलेलं. तळ्यात उतरताना साबण, शाम्पू, सनस्क्रीन काही लावून उतरू नका, पाणी वाहून जायला जागा थोडी आहे, जे टाकाल ते तिथेच राहतं. न पोहणाऱ्यांनी काठालाच बसा, मधे खोल आहे.

तळ्याच्या मागून झऱ्याकाठानं रानात वाट जाते, वीस-तीस मिनिटं चाललं की मोठा वड लागतो. तिथे शांत बसलेली माणसं असतात, त्यांचे फोटो काढू नका, आणि अंधार पडायच्या आत परत फिरा कारण वाटेत दगड निसरडे आहेत आणि मोबाईलला रेंज जाते.

परत मुख्य किनाऱ्यावर सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी या. तिथे ढोल वाजवणाऱ्यांचा घोळका जमतो, कुठून कुठून आलेली माणसं, कुणी जर्मन, कुणी केरळचा, कोण नाचतंय, कोण हातानं बनवलेल्या वस्तू मांडून बसलंय. काही गावकऱ्यांना हे आवडत नाही, मला आवडतं, कारण तिथे तिकीट नाही आणि कुणी कुणाला विचारत नाही तू कोण.

पण खरं हरमल सकाळचं. जिथे मुक्काम असेल तिथून पहाटे सहाला किनाऱ्यावर या आणि गिरकरवाड्याच्या बाजूला बघा, होड्या ओढतायत, जाळी झाडतायत, आणि नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल टाकलेलं मोठं जाळं, दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि लयीत ओढत किनाऱ्याला आणतात. हल्ली कमी झालंय. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा आमच्या रापणकारांनी मोठं आंदोलन केलं होतं, त्यातूनच पुढे 1980 चा मासेमारी नियमनाचा कायदा आला. ओढायला हात लावलात तर कुणी नाही म्हणत नाही, फक्त आधी विचारा, आणि मध्येच सोडून फोटो काढायला पळू नका, दोर सैल पडतो.

हरमलची मिरची विकत घ्या. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, रंग लालभडक आणि हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, जी चव येते ती बाजारातल्या पाकिटातल्या मिरचीला येत नाही. दुकानात नाही तर गावात कुणाच्या तरी घरी मिळते, मुक्कामाच्या घरमालकिणीला विचारा.

मुक्काम शक्यतो गावातल्या घरात, खालचा वाडा किंवा मधल्या वाड्यात करा. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों ऐकून उठणं आणि गरम पोळी (आमच्याकडचा कोंड्याचा पाव) हातात पडणं हे रिसॉर्टमध्ये नाही.

दुसरा दिवस: केरी, फेरी, तेरेखोल

हे नीट वाचा कारण इथेच लोक फसतात. माझी आतेबहीण मागच्या वर्षी कुटुंबासकट आली होती, पुनवेचा दिवस, मी सांगितलं होतं सकाळी दहाला फेरी धरा आणि एकपर्यंत परत या. ते उठले उशिरा, दुपारी गेले, किल्ला बघितला, तिथेच गप्पा मारत बसले आणि पाचला परत धक्क्यावर आले तर उधाणाची ओहोटी, नदीच्या मुखावर वाळू वर आलेली, फेरी थांबलेली. दोन लहान मुलं, एक वयस्क काकी. शेवटी रेडी, शिरोडा, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून फिरून आले, तासाभराच्या वर लागलं, आणि काकींची बीपीची गोळी आमच्या घरी राहिलेली. मी तेव्हा किती घाबरलो होतो. तेव्हा फेरी भरतीच्या दोन तास आगेमागे धरा, आणि जाताना फेरीवरच्या माणसाला परतीचं विचारूनच घ्या, त्यांना पाण्याची नाडी माहीत असते.

केरीला हरमलहून पालयेमार्गे रस्ता आहे. चालायची हौस असेल तर कालाच्यावरून डोंगर चढून पठारावरून केरीला उतरता येतं, साधारण तास लागतो, याच पठारावरून सीझनमध्ये पॅराग्लायडिंग करतात. केरीचा किनारा सुरूच्या झाडांचा, सावली भरपूर, डबा घेऊन बसायला याच्यासारखी जागा नाही. मात्र नदीच्या मुखाकडच्या बाजूला पोहायचं नाही म्हणजे नाही. वरून पाणी शांत दिसतं आणि खालून ओढ असते. पोहायचं तर जिथे जीवरक्षक आहेत आणि लाल-पिवळे बावटे लावलेत त्यांच्या मधेच, नुसता लाल बावटा दिसला तर पाण्यात जायचंच नाही. केरीच्या आजोबाच्या देवळात पाया पडून मग धक्क्यावर जा, गावात कुठलंही काम आजोबाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही.

तेरेखोल ही गंमतीशीर जागा आहे, नदीच्या पलीकडे, म्हणजे तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र आणि समुद्र, पण गाव गोव्याचं. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. पण मी तिथे जातो ते 15 ऑगस्ट 1954 साठी. त्या दिवशी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही किल्ल्यात शिरले, तिरंगा लावला, आणि दुसऱ्या दिवशी पकडले जाईपर्यंत किल्ला धरून ठेवला. गोवा मुक्त व्हायला अजून सात वर्षं होती. तटावर उभं राहून खाली केरीचा पांढरा पट्टा बघताना हे लक्षात ठेवा म्हणजे फोटो काढण्यापलीकडे काहीतरी घेऊन याल.

वेळ असेल तर तिथून रेडीचा गणपती जवळ आहे, 1976 मध्ये खाणीत सापडलेली दोन हातांची मोठी मूर्ती. पण मग परत पुलावरूनच या, फेरीच्या नादी लागू नका.

दुसऱ्या दिवसाची दुपार: थोडं आत

जेवण पेडण्याच्या बाजारात करा, मासळी थाळी, सोलकढी, सुक्या झिंग्यांची किसमूर. नदीची मासळी असेल तर ती मागा, शेवटो किंवा काळुंदर, समुद्राच्या माशापेक्षा आम्हाला ती जास्त प्रिय. मेनूकार्डावर नसते, विचारावं लागतं.

पेडण्याचं भगवतीचं देऊळ बघा, दाराशी काळ्या दगडाचे दोन हत्ती आहेत, खऱ्या हत्तीएवढे. कोजागिरीला आलात तर तुमचं नशीब, त्या रात्री पेडण्याची पुनव असते, रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं (वस्त्रांनी सजवलेले देवांचे खांब) निघतात, अख्ख्या गोव्यातून आणि सिंधुदुर्गातून माणसं येतात, पाय ठेवायला जागा नसते. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेलं देऊळ हवंय, तो रागावून रानाकडे धावतो आणि गावकरी त्याला उद्या बांधू म्हणून परत आणतात अशी कथा आहे, आणि दरवर्षी त्याला तसंच परत आणलं जातं. पहाटेपर्यंत थांबणार असाल तरच जा, मध्येच गाडी काढता येत नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर जन्मले ते याच पेडण्यात, 1911 साली.

हिवाळ्यात तुळशीच्या लग्नानंतर गावोगाव दशावतारी नाटकं सुरू होतात. मुक्कामाच्या ठिकाणी विचारा आज कुठे कालो (दशावतार) आहे. रात्री उशिरा सुरू होतं, खाली चटईवर बसायचं, शेंगदाणे घ्यायचे, समजायला अडचण नाही कारण नाटक मराठीत आणि विनोद आमच्या बोलीत.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी हळर्णचा किल्ला करावा, शापोरा नदीकाठी, तोही भोसल्यांचाच आणि तोही 1746 मध्ये पडला. तो घेणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे मार्क्विस ऑफ अलोर्ना ही पदवी मिळाली ती याच गावावरून. आणि सावंतवाडीच्या बाजूनं जाणार असाल तर पत्रादेवीला दोन मिनिटं गाडी थांबवा, 15 ऑगस्ट 1955 ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, पंजाबचे कर्नेलसिंग तिथेच पडले. कुठला पंजाब आणि कुठलं आमचं पेडणें. स्मारक हायवेलाच आहे.

परत जाताना: आगरवाडा

म्हापशाकडे परत जाताना चोपड्याच्या पुलावर चढू नका, आधी आगरवाड्याला जा. नावातच आगर आहे, इथे नदीकाठी मिठागरं आहेत. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवतात आणि मग लांब फळीनं मीठ ओढून ढीग लावतात. मीठ खऱ्या अर्थानं जानेवारीनंतर यायला लागतं आणि पहिला पाऊस पडेपर्यंत चालतं. ओढायचं काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर असतं. बांधावरून चालताना एका रांगेत चाला आणि चिखल ओला असेल तिथे पाय टाकू नका, बांध तुटला तर त्यांचे पंधरा दिवस वाया जातात. मीठ करणारी घरं वर्षागणिक कमी होतायत, मुलं मोपाला नोकरीला लागलीयत, त्यांना दोष कसा द्यायचा, पण जाऊन पाच किलो मीठ तरी घ्या. जाड, करड्या रंगाचं असतं, पांढरं शुभ्र मागू नका. लोणच्याला आणि मासे खारवायला याच्यासारखं दुसरं नाही. फक्त दोन पिशव्यांत बांधून घ्या आणि डिकीत कपड्यांच्या बॅगेपासून लांब ठेवा, घरी पोचेपर्यंत ते पाझरतं.